तपासणी आणि सोबत

ज्या दिवशी एखाद्या शिक्षकाच्या हाती मुख्याध्यापकपदाचा हुकूम पडतो, त्या दिवशी वीस-पंचवीस वर्षे कसून मिळविलेली त्याची विद्या मागे पडते, आणि जिचे एक अक्षरही त्याला कोणी शिकविलेले नाही अशा दुसऱ्याच विद्येचा व्यवसाय त्याने तत्काळ सुरू करावा अशी अपेक्षा धरली जाते. आदल्या दिवसापर्यंत तो एका वर्गाचा धनी असतो. चाळीस मुले, एक फळा आणि स्वतःच्या वाणीवरचा विश्वास एवढ्या भांडवलावर त्याचे काम चाललेले असते. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे ‘चार्ज’ची यादी येते: किल्ल्यांचा जुडगा, जनरल रजिस्टर, जडवस्तुसंग्रहाची नोंदवही, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, आवक-जावक बारनिशी, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, कोणाच्या तरी सेवापुस्तकातील अपुऱ्या नोंदी, आणि गळणाऱ्या छपराविषयी पंचायत समितीशी कित्येक वर्षे चाललेला पत्रव्यवहार. त्या यादीखाली सही करताच तो शाळेचा प्रमुख होतो. परंतु दोन सहकाऱ्यांचे आपसांत बोलणे का बंद आहे, चौथीच्या वर्गात वाचता न येणारी मुले कोणती आणि त्यांच्यासाठी आजवर कोणी काय केले, गावात शाळेच्या हिताचे कोण आणि शाळेच्या जागेवर डोळा ठेवून असलेले कोण, या गोष्टींचा चार्ज त्याला कोणी देत नाही. आणि शाळा चांगली होणे अथवा न होणे हे बहुतांशी याच गोष्टींवर अवलंबून असते.

आपल्याकडे मुख्याध्यापक कसा होतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. खासगी अनुदानित शाळांना लागू असलेली १९८१ ची सेवाशर्ती नियमावली माध्यमिक शाळेच्या प्रमुखाकडून प्रशिक्षित पदवीधर असण्याची आणि पाच वर्षांच्या अध्यापनानुभवाची अपेक्षा करते, आणि त्यापुढे ज्येष्ठतेला मान देते. जिल्हा परिषदेच्या शाळांतही पदोन्नतीची वाट सेवाज्येष्ठतेच्या यादीतूनच जाते. या नियमाची निंदा करणे सोपे आहे. पण संस्थाचालकाने आपल्या मर्जीतील मनुष्य खुर्चीवर बसवावा आणि पंचवीस वर्षे प्रामाणिकपणे शिकविणाऱ्याने खाली मान घालून त्याचा हुकूम ऐकावा, या अन्यायापासून शिक्षकाला याच नियमाने संरक्षण दिले, हे ज्यांनी तो काळ पाहिला ते विसरणार नाहीत. दोष ज्येष्ठतेत नाही. ज्येष्ठता म्हणजेच तयारी असे आपण मानून चाललो, दोष तेथे आहे. शिवाय या वाटेने येणारा मनुष्य पदावर पोहोचतो तोपर्यंत बहुधा पन्नाशीच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला निवृत्त व्हायचे असते. पहिले वर्ष कागद समजण्यात जाते, दुसरे माणसे समजण्यात. काही करावे असे तिसऱ्या वर्षी वाटू लागते, आणि तेवढ्यात निरोपसमारंभाची तयारी सुरू होते.

लहान शाळांची स्थिती याहून कठीण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत दीडशेहून अधिक आणि उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद केली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील, वाडीवस्तीवरील असंख्य शाळा या संख्येच्या खाली आहेत. तेथे जो शिक्षक सर्वांत जुना, तो प्रभारी मुख्याध्यापक. आपले दोन वर्ग सांभाळून, एका हाताने खडू आणि दुसऱ्या हाताने पोषण आहाराची दैनिक नोंद करीत तो शाळा चालवितो. संच मान्यता आणि ‘सरल’, ‘यू-डायस’, ‘शालार्थ’ या ऑनलाइन माहितीप्रणाली त्याच्या दिवसाचे तास ठरवितात. असे काम पाहून पदोन्नती नाकारणारे शिक्षक आढळतात. त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार ज्याने हा भार एक महिना वाहिला आहे त्यालाच आहे, असे मला वाटते.

शाळेकडे वरून पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि तिच्या आरंभी थोर माणसे उभी आहेत. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या अल्पायुष्याच्या अखेरच्या काळात मराठी शाळांच्या तपासनिसाचे काम केले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले, आणि त्याबरोबर इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर अशी हुद्द्यांची उतरंड रचली गेली. ‘डेप्युटी’ हा शब्द मराठी खेड्याच्या स्मृतीत पुढे शंभर वर्षे राहिला. डेप्युटी येणार म्हणजे भिंती सारवल्या जात, हजेरीपट पूर्ण होई, हुशार मुले पुढच्या रांगेत येत, आणि मास्तरांची छाती धडधडत असे. खासगी शाळांच्या बाबतीत तर एके काळी परीक्षेत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर सरकारी अनुदानाची रक्कम ठरत असे. डेप्युटी येई, शेरा लिही आणि जाई. त्या शेऱ्याने मास्तराची बढती वा बदली होत असेल. पण त्रैराशिक न समजणाऱ्या मुलाला ते कसे समजवावे, हे शेऱ्यातून कळण्याचा संभव नव्हता.

या व्यवस्थेचे मर्म सर्वांत आधी ज्यांनी उघड केले त्यांत जोतीराव फुले यांचे नाव घ्यावे लागेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्धच आहे. पण त्यातील देखरेखीविषयीच्या भागाकडे आपले लक्ष क्वचित जाते. प्राथमिक शाळांवरील देखरेखीची यंत्रणा सदोष व अपुरी आहे, डेप्युटीने वर्षातून एकदा दिलेल्या भेटीने फारसा लाभ होत नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली जावी आणि काही भेटी आगाऊ इत्तला न देता व्हाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः शाळा काढून चालविलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. जोतीरावांनी मागितली ती तपासणीच होती. परंतु वर्षातून एकदा येणारा परका अधिकारी आणि वारंवार येणारा ओळखीचा मनुष्य यांतील भेद त्यांनी बरोबर हेरला होता. वारंवारतेवाचून परिचय नाही, आणि परिचयावाचून शाळेच्या अडचणी कोणी कोणाला सांगत नाही.

खात्याच्या बाहेर मात्र दुसरी एक रीत नांदत होती. वामन शिवराम आपटे ज्या शाळेचे सुपरिंटेंडेंट होते त्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, किंवा कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेमध्ये, शाळा चालविण्याची विद्या सहवासाने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे. एकच ध्येय घेऊन एकत्र राहणारी माणसे, एकाच ताटातील भाकरी खाणारी. त्यांच्यात नवा मुख्याध्यापक जुन्याच्या सावलीत तयार होई. भाऊरावांनी तर शिक्षक घडविण्यासाठी १९३५ साली साताऱ्यात स्वतंत्र ट्रेनिंग कॉलेज काढले. संस्थांचा विस्तार वाढला, शाळांची संख्या शेकड्यांत गेली, नेमणुका व बदल्यांचे शास्त्र निराळे झाले, आणि ती सहवासाची रीत क्षीण झाली. तिच्या जागी दुसरी काही योजना आपण केली नाही.

केली नाही म्हणण्यापेक्षा, केली पण निभावली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. त्या आयोगाने दोन सूचना अशा केल्या होत्या की त्यांचे मोल आज अधिक जाणवते. पहिली, शाळासमूहाची: परिसरातील माध्यमिक शाळेने आसपासच्या प्राथमिक शाळांना आपल्या कुटुंबात घ्यावे, शिक्षकांनी एकमेकांचे काम पाहावे, एकट्या पडलेल्या शाळेला सोबत मिळावी. दुसरी, प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे वेगळ्या हातांत द्यावीत. जो मनुष्य पगारबिल अडवू शकतो, बदलीची शिफारस करू शकतो, त्याच्यापुढे कोणीही आपली उणीव उघडी करीत नाही, हे मानवी स्वभावाचे साधे ज्ञान त्या दुसऱ्या सूचनेच्या मुळाशी आहे.

नव्वदीच्या दशकात महाराष्ट्राने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले, तेव्हा या विचाराला देह मिळाला असे वाटले होते. राज्यभर ४,८६० केंद्रे. एकेका केंद्राखाली जवळपासच्या शाळा. आणि त्या शाळांतून फिरणारा, आदर्श पाठ देणारा, मासिक शिक्षण परिषद भरविणारा, मुख्याध्यापकाच्या शेजारी बसणारा केंद्रप्रमुख. कल्पना सुंदर होती, आणि जेथे माणूस चांगला लाभला तेथे ती फळासही आली. पण वर्षानुवर्षे यांतील पुष्कळ पदे रिक्त राहिली, एकाकडे दोन-दोन तीन-तीन केंद्रांचा कारभार आला. २०२२ च्या शासन निर्णयाने निम्मी पदे पदोन्नतीने व निम्मी मर्यादित स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले, हे स्वागतार्ह आहे. परंतु केंद्रप्रमुखाच्या दिवसाचे काय? सकाळी भ्रमणध्वनीवर जिल्ह्याचा संदेश येतो: अमुक माहिती आज दुपारी दोनपर्यंत तत्काळ सादर करावी. केंद्रप्रमुख ती मुख्याध्यापकांकडे मागतो, मुख्याध्यापक वर्ग सोडून ती भरतो, ती गटाकडे जाते, गटाकडून जिल्ह्याकडे. दुसऱ्या दिवशी तीच माहिती वेगळ्या तक्त्यात मागविली जाते. मार्गदर्शनासाठी निर्माण झालेले पद अशा रीतीने टपाल पोहोचविण्याच्या कामी लागले. यात त्या माणसांचा दोष मला दिसत नाही. वर बसलेल्याला माहिती हवी असते आणि ती मागण्यास काही खर्च येत नाही, हे त्याचे कारण आहे.

तरीही याच यंत्रणेत राहून एका विस्तार अधिकाऱ्याने काय करून दाखविले, त्याचे उदाहरण साताऱ्यात आहे. कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडील शाळांचा गट) हे नाव दहा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील शिक्षकांच्या तोंडी झाले. प्रतिभा भराडे या तेव्हा तेथील विस्तार अधिकारी होत्या. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा, तीच मुले, तेच शिक्षक, तेच अनुदान. पण मूल स्वतः ज्ञान रचते या विचाराभोवती त्यांनी आपल्या बीटमधील शिक्षकांना एकत्र केले, शाळांतून जाऊन त्यांच्याबरोबर काम केले, जमिनीवरच्या आखणीपासून मुलांच्या गटांपर्यंत सगळे शिक्षकांसह उभे केले. पुढे राज्यभरातून शिक्षकांची रीघ त्या शाळा पाहण्यास लागली, आणि जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम राज्याने हाती घेतला तेव्हा कुमठ्याच्या अनुभवाचा त्यामागे मोठा आधार होता. या प्रसाराचे जे झाले तेही नोंदविले पाहिजे. पाहून परतलेल्या अनेकांनी आपल्या शाळेच्या फरशीवर रंगीत आकृत्या काढल्या. दिसणारी वस्तू ती होती आणि ती उचलता येत होती. एक अधिकारी महिनोन् महिने शिक्षकाच्या बरोबरीने वर्गात बसते, त्याच्याशी बोलते, पुन्हा येते, ही गोष्ट फरशीवर दिसत नाही, आणि म्हणून ती प्रवाशांच्या हाती लागली नाही.

अन्यत्र या बाबतीत काय घडले आहे, तेही पाहू. अमेरिकेत प्रत्येक शालेय जिल्ह्यावर सुपरिंटेंडेंट असतो आणि बहुधा त्याची नेमणूक लोकनियुक्त शिक्षणमंडळ करते. त्याच्या खाली शाळांचे प्रिन्सिपल. या दोघांना त्यांच्या कामात अनुभवी मनुष्याची नियमित सोबत मिळावी, त्यांनी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, त्याने उत्तरे न देता विचार करावयास लावावे, ही पद्धत तेथे गेल्या दोन-तीन दशकांत रुजली. तिला ते ‘कोचिंग’ म्हणतात. न्यूयॉर्क शहराने २००३ साली मुख्याध्यापक घडविण्यासाठी स्वतंत्र अकादमी काढली आणि पहिल्या वर्षाच्या मुख्याध्यापकांना असे सोबती दिले. ह्यूस्टन येथे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी केलेला प्रयोग मात्र अधिक बोलका आहे. काही शाळांच्या प्रिन्सिपलांना दोन वर्षांत मिळून तीनशे तासांचे प्रशिक्षण दिले गेले: पाठांचे नियोजन कसे पाहावे, मुलांच्या चाचण्यांतून काय वाचावे, शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला काय सांगावे. पहिल्या वर्षी त्या शाळांतील मुलांचे गुण सर्व विषयांत वाढले. दुसऱ्या वर्षी तो परिणाम नगण्य झाला. आणि त्याचे कारण शोधू जाता असे दिसले की अनेक प्रिन्सिपलच बदलून गेले होते. ज्या व्यवस्थेत मुख्याध्यापक दोन वर्षांत निवृत्त होतो वा बदलून जातो, तिने हा निष्कर्ष आपल्या भिंतीवर लावून ठेवावा.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशाचे आहे, आणि ते अधिक जिव्हारी लागणारे आहे. तेथे शाळांचे सर्वांगीण मूल्यमापन करावे, प्रत्येक शाळेला श्रेणी द्यावी, आणि मुख्याध्यापकाने त्यावरून शाळासुधार आराखडा तयार करावा अशी योजना राबविली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अभ्यासकांनी १,७७४ शाळांच्या प्रयोगातून तिची परीक्षा केली. मूल्यमापने जवळजवळ सर्वत्र पूर्ण झाली. श्रेण्या खोट्या नव्हत्या. त्यांतून शाळेची खरी स्थिती कळत होती. आणि तरीही शाळेच्या कारभारात वा मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही. त्याहून दुःखाची गोष्ट ही की योजना यशस्वी झाली असे सर्वांना वाटले, आणि ती देशभर सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत पसरविली गेली. आराखडा दप्तरात होता, मग वर्गात काय कमी आहे, असा प्रश्न कोणाला पडणार?

या अभ्यासाचे कर्ते उत्तरदायित्वाकडे आणि प्रोत्साहनाकडे बोट दाखवितात: कोणाच्या जबाबदारीत काहीच बदल झाला नाही, म्हणून शाळाही बदलली नाही. हा आक्षेप गंभीर आहे, आणि सोबतीचा पुरस्कार करणाऱ्याने तो टाळू नये. नुसत्या सहानुभूतीने शाळा सुधारत नाही. जो मुख्याध्यापक शाळेतच येत नाही त्याला सोबती देऊन उपयोग नाही. त्याला ताकीद आणि प्रसंगी शिक्षा हवी, आणि ती देण्याचे काम गटशिक्षणाधिकाऱ्याने निर्भयपणे केले पाहिजे. पण मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते बहुसंख्य मुख्याध्यापक शाळेत येतात, उशिरापर्यंत थांबतात, आणि काय करावे हे न कळून थकतात. त्यांच्यापुढे उत्तरदायित्वाचा आणखी एक तक्ता ठेवल्याने ते अधिक थकतील एवढेच.

गेल्या पावसाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील एका तालुक्यात मला अशा सोबतीचा एक साधा प्रकार पाहावयास मिळाला. त्यामागे सरकारी योजना नव्हती. एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या गावाजवळच्या शाळेत, तेथे नव्याने पदोन्नत झालेल्या बाईंच्या विनंतीवरून, पंधरवड्याला एकदा जात होते. त्या दिवशी परिपाठ झाल्यावर दोघेही तिसरीच्या वर्गात मागे जाऊन बसली. वर्गशिक्षिका हातच्याची वजाबाकी शिकवीत होत्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आत वर्ग शांत होता. तास संपल्यावर मुख्याध्यापिकेच्या खोलीत, चहा होईपर्यंत, पुढील संभाषण झाले.

“काय पाहिलंत, बाई?”

“चांगला झाला की तास, गुरुजी. मुलं शांत होती. फळ्यावरची मांडणीही नीट होती.”

“खिडकीकडच्या तिघांनी पाटीवर काय लिहिलं होतं?”

बाई थांबल्या. “ते नाही पाहिलं.”

“मलाही मागून दिसलं नाही. उद्या तुम्ही त्यांच्याजवळ बसा, आणि पुढच्या खेपेला मला सांगा.”

मग बाईंनी मनातले खरे ते काढले. “गुरुजी, मी सांगू का? पाहून करू काय? काल-परवापर्यंत आम्ही दोघी एका डब्यातलं खात होतो. आज मी तिला तुझं चुकलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे म्हणाले, “चुकलं असं म्हणूच नका. त्या तिघांच्या पाट्या दोघींच्या मधे ठेवा. हे असं का लिहीत असतील, एवढंच विचारा. तिलाही ठाऊक नसेल, तुम्हालाही नसेल. मग दोघी मिळून शोधा.”

गुरुजी उठले तेव्हा त्यांनी शेरेबुकात काही लिहिले नाही; त्यांना तो अधिकारही नव्हता. आणि मला त्या भेटीचे सारे बळ त्या अधिकारहीनतेत दिसले. ज्या प्रश्नाने त्या बाई कित्येक रात्री अस्वस्थ असतील, तो त्यांनी केंद्रप्रमुखापुढे काढला नसता, गटशिक्षणाधिकाऱ्यापुढे तर नाहीच. कारण तेथे तो प्रश्न ‘सहकाऱ्यांवर नियंत्रण नाही’ अशा शेऱ्याचे रूप घेण्याची भीती असते. कार्यशाळेतही तो निघाला नसता, कारण दीडशे माणसांच्या सभागृहात कोणी आपल्या मैत्रिणीविषयी बोलत नाही. आणि तो सुटल्याशिवाय त्या शाळेतील तिसरीच्या वर्गाची वजाबाकी सुधारणार नव्हती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी निदान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, आणि नेतृत्व हा विषय त्यात स्पष्टपणे घातला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र आहे; २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात शाळाप्रमुखांचा समावेश आहे; आपल्या राज्यात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, मराठवाड्यात शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची ‘मिपा’ ही संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ या प्रशिक्षण संस्था आहेत. साधनांचा अगदीच अभाव आहे असे कोणी म्हणू नये. पण हे पन्नास तास पडद्यापुढे बसून, ध्वनिचित्रफीत पुढे सरकवून आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेऊन भरून निघणार असतील, तर त्यांचे मोल मध्यप्रदेशातील आराखड्यांहून अधिक होणार नाही. त्या तासांपैकी निदान निम्मे मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या शाळेत, एका परिचित सोबत्याबरोबर, स्वतःच्या शाळेतील वर्ग पाहण्यात जावेत. शिक्षकांना दिलेल्या अशा सोबतीविषयी साठ अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या संशोधकांना २०१८ साली असे आढळले की तिने अध्यापन स्पष्टपणे सुधारते. मात्र कार्यक्रम जसजसा मोठा होतो तसतसा हा परिणाम उणावतो. म्हणून ४,८६० केंद्रांत एकाच दिवशी आरंभ करण्याचा मोह येथे टाळला पाहिजे.

आणि एका गोष्टीकडे सहसा कोणी पाहत नाही. मुख्याध्यापकाच्या वर जे अधिकारी आहेत त्यांना तरी कोण आहे? स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन तिशीत गटशिक्षणाधिकारी झालेला तरुण किंवा तरुणी, आपल्या वडिलांच्या वयाच्या मुख्याध्यापकांची बैठक घेते. एका बाजूला पंचायत समितीचे सभापती, दुसऱ्या बाजूला शिक्षक संघटना, वरून शिक्षणाधिकाऱ्याचे पत्र, खालून पालकांचे निवेदन. त्याने शाळा चालविलेली नसते, आणि ते कबूल करण्याची सोय त्याच्या हुद्द्यात नसते. असा एकाकी अधिकारी शेवटी त्याला जे मोजता येते त्याचाच आधार घेतो, आणि तक्ते वाढतात. शाळेत सोबत पोहोचवायची असेल तर ती पंचायत समितीच्या त्या खोलीतही पोहोचली पाहिजे. अमेरिकेत सुपरिंटेंडेंटलाही सोबती देतात त्याचे कारण हेच आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. तालुक्यात वीस-पंचवीस अनुभवी निवृत्त मुख्याध्यापक निवडावेत, त्यांना प्रवासखर्च आणि माफक मानधन द्यावे, आरंभी त्यांना स्वतःलाही ऐकून घेण्याचे शिक्षण द्यावे, कारण तीस वर्षे सूचना देण्यात घालविलेल्या माणसाला ऐकणे सहज येत नाही. प्रत्येकाकडे तीन-चार नवे मुख्याध्यापक असावेत. सोबती आणि मुख्याध्यापक यांच्यात झालेले बोलणे कोणत्याही गोपनीय अहवालात जाऊ नये, आणि या कामासाठी एकही नवा तक्ता भरावा लागू नये, असा लेखी हुकूम असावा. पहिली तीन वर्षे त्या मुख्याध्यापकाची बदली होऊ नये. आणि निवृत्तीला निदान पाच वर्षे उरली असतील अशा वयात माणसे या पदावर यावीत, एवढी दुरुस्ती ज्येष्ठतेच्या नियमात करता येण्यासारखी आहे. ज्येष्ठतेचा मान राखूनही ती करता येईल. एका जिल्हा परिषदेने एका तालुक्यात हे करून पाहावे, आणि मुलांच्या वाचनात व गणितात काय फरक पडला ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध करावे. फरक पडला नाही तर तेही.

परंतु सरकारी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण प्रत्येकाला नाही. हा अंक ज्यांच्या घरी जातो त्यांत निवृत्त मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका पुष्कळ असतील. आपल्या गावात अथवा शेजारच्या वाडीत या जूनमध्ये कोणीतरी नवा मनुष्य शाळेच्या चार्जच्या यादीवर सही करून बसला आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली म्हणजे त्याच्याकडे एकदा जा. सल्ला देऊ नका, आपल्या काळच्या गोष्टी सांगू नका. सध्या कशाने अडते आहे एवढे विचारा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.